दर्शनी नाव हे टोपणनाव नव्हे

विंदा करंदीकर ह्यांचे नाव आजही अनेक ठिकाणी ‘विं. दा. करंदीकर’ असे छापलेले आढळते. तसे छापणाऱ्यांची समजूत उघड आहे. मराठी लेखकाच्या नावाआधी दोन आद्याक्षरे असावयाचीच, अशी रूढी अंगवळणी पडलेली असल्यामुळे ‘विंदा’ ह्या अखंड शब्दातही त्यांना दोन आद्याक्षरे दिसतात. वास्तविक २३ ऑगस्ट १९१८ रोजी देवगड तालुक्यातील धालवली येथे जन्मलेल्या ह्या कवीचे नाव गोविंद विनायक करंदीकर. आद्याक्षरेच हवी असतील तर ती ‘गो. वि.’ अशी होतील. ‘विंदा’ हे ‘गोविंद’ ह्या नावाच्या पोटातून निघालेले, कवितेखाली सही करण्यासाठी घडविलेले नाव आहे. ‘स्वेदगंगा’ (१९४९) पासून ‘अष्टदर्शने’ (२००३) पर्यंतची कविता मराठी वाचक ह्याच नावाने ओळखतो.

ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या मुद्रणदोषात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ज्या पुस्तकात चुकीची पूर्णविरामचिन्हे पडली, त्यात ती कायम आहेत. ज्यात नाव बरोबर छापले गेले, त्यात ते बरोबर आहे. म्हणूनच चूक दाखविता येते. एका ठिकाणी नाव दुरुस्त केले म्हणून साऱ्या ग्रंथालयांतील साऱ्या प्रती रातोरात दुरुस्त होत नाहीत. नावाचा हा जडपणा, त्याचे जिथल्या तिथे राहणे, हीच वाङ्मयेतिहासाची पहिली अट आहे.

समाजमाध्यमांवरील खात्याचे दर्शनी नाव वाटेल तेव्हा बदलण्याची जी सोय आहे, ती टोपणनावाच्या परंपरेची पुढची पायरी होय, असे प्रतिपादन अलीकडे चर्चासत्रांतून सहजपणे केले जाते. काहींना तीत लेखकाच्या मृत्यूची परिपूर्ती दिसते, तर काहींना अस्मितेच्या प्रवाहीपणाचा पुरावा. प्रस्तुत लेखाचा दावा नेमका उलट आहे. दर्शनी नाव हे टोपणनावाचे वारस नसून त्याचा विपर्यास आहे; आणि जी समीक्षा हा भेद करीत नाही, ती आपल्याच अभ्याससाधनांचा पाया खणीत आहे.

१

टोपणनाव काय करते, हे आधी पाहिले पाहिजे. ते लपविते, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. पण मराठीतील ठळक उदाहरणे पाहिली तर लपविणे हे त्याचे गौण कार्य ठरते. राम गणेश गडकरी ह्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नावाने लिहिली, विनोदी लेख ‘बाळकराम’ ह्या नावाने लिहिले आणि नाटकांवर स्वतःचे नाव घातले. शिरवाडकरांची कविता कुसुमाग्रजांची राहिली, नाटके शिरवाडकरांची. वेंगुर्ल्याजवळ जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर ‘जोगवा’ (१९५९) आणि ‘दिवेलागण’ (१९६२) ह्या संग्रहांवर ‘आरती प्रभू’ आहेत, ‘कोंडुरा’वर (१९६६) मात्र खानोलकर. त्याच किनाऱ्यावरील आरवलीचे जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ झाले. ह्यांपैकी बहुतेकांची ओळख वाचकांना ठाऊक होती. मग नाव दोन कशासाठी? तर त्या त्या लेखनाला वाचक कोणत्या अपेक्षेने सामोरा जाईल, हे ठरविण्यासाठी. टोपणनाव ही वाचनाची सूचना आहे.

लेखकनाम हे साधे विशेषनाम नसून संहितांचे वर्गीकरण करणारे कार्य आहे, असे मिशेल फूको ह्यांनी १९६९ साली मांडले, ते ह्याच अर्थाने. मराठी समीक्षेला हा विचार परका वाटण्याचे कारण नव्हते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेने वारकरी परंपरेत शतकानुशतके हेच काम केले आहे. ‘नामा’ ही मुद्रा असलेले सारे अभंग एकाच नामदेवांचे नव्हेत, हे अभ्यासकांना पटले तेव्हा विष्णुदास नामा वेगळा काढावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्ञानेश्वरी’कार आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन निरनिराळे पुरुष होत, असा वाद ‘सुधारक’ पत्रातून उभा राहिला. आणि तो उभा करणारे शिवराम एकनाथ भारदे स्वतः ‘भारद्वाज’ ह्या टोपणनावाने लिहीत होते. हे वाद सुटले की नाही, हा प्रश्न निराळा. ते घालता आले, ह्याचे कारण मुद्रा जागच्या जागी होती. प्रत करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले, चरण गाळले गेले, नव्याने घुसले. पण एका दिवशी सर्व पोथ्यांतील ‘नामा’ पुसला जाऊन तेथे दुसरी मुद्रा उमटली, असे कधी घडले नाही.

२

आता दर्शनी नावाची यंत्रणा पाहू. समाजमाध्यमावरील खात्याला तीन थर असतात. सर्वांत खाली कंपनीने दिलेला क्रमांक. तो बदलत नाही आणि वाचकाच्या नजरेस सहसा पडत नाही. त्याच्यावर खात्याचा पत्ता, म्हणजे ज्याला ‘हँडल’ म्हणतात तो. हा बदलता येतो, पण बदलल्यास जुने दुवे तुटतात. सर्वांत वर दर्शनी नाव. ‘एक्स’वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ते हवे तेव्हा बदलता येते, फेसबुकवर एकदा बदलले की साठ दिवस थांबावे लागते. परंतु खरी गोम पुढे आहे. लिहिलेल्या मजकुराशी बांधलेला असतो तो खात्याचा क्रमांक. नाव त्याच्याशी बांधलेले नसते. नाव लेखनाच्या क्षणी उमटत नाही, वाचनाच्या क्षणी आणले जाते. त्यामुळे आज नाव बदलले की दहा वर्षांपूर्वीचा मजकूरही आजच्या नावाने सही केलेला दिसू लागतो.

गडकऱ्यांचे असे एक खाते असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना करावी. सकाळी गोविंदाग्रजांची कविता, दुपारी नाव बदलून बाळकरामाचा लेख. दुपारनंतर सकाळच्या कवितेखालीही बाळकरामाचीच सही. वाचकाने ती कविता विडंबन म्हणून वाचली तर दोष त्याचा नव्हे. त्यांनी दोन खाती उघडली असती, असे ह्यावर कोणी म्हणेल. म्हणावे, पण मग ते बदलाचे समर्थन राहत नाही. ते टोपणनावाच्या जुन्याच पद्धतीकडे परत जाणे झाले.

ही केवळ कल्पना नव्हे. १७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी ट्विटरवरील आपल्या दर्शनी नावाआधी ‘चौकीदार’ हा शब्द जोडला. पक्षातील अनेक नेत्यांनी आणि असंख्य समर्थकांनी तेच केले. विरोधी बाजूने हार्दिक पटेल ह्यांनी आपल्या नावाआधी ‘बेरोजगार’ लावले. २३ मे २०१९ रोजी, निकालाच्या दिवशी, पंतप्रधानांनी तो शब्द काढून टाकला. राजकारण बाजूला ठेवून फक्त संहितेचा विचार करावा. त्या सुमारे दोन महिन्यांत २०१४ सालचा संदेशही ‘चौकीदारा’च्या सहीचा दिसत होता, आणि २३ मेनंतर त्याच वर्षीच्या एप्रिलमधला संदेशही त्या सहीवाचून दिसू लागला. ज्या निवडणुकीत नाव हेच प्रचाराचे वाक्य झाले होते, त्या निवडणुकीच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याला मूळ खात्यावर आज ते वाक्य सहीच्या जागी सापडणार नाही. ते वर्तमानपत्रांच्या बातम्यांत आणि लोकांनी टिपून ठेवलेल्या पडद्याच्या छायाचित्रांत सापडेल. आणि तशी छायाचित्रे बनावट करणे किती सोपे आहे, हे सांगावयास नको.

३

लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त येथे लावणाऱ्यांची गल्लत आता स्पष्ट व्हावी. रोलां बार्थ ह्यांनी १९६७ साली लेखकाला बाजूला सारले ते संहितेला आणि वाचकाला मोकळे करण्यासाठी. दर्शनी नावाच्या व्यवहारात मोकळी होते ती संहिता नव्हे. येथे खातेदार आपल्या साऱ्या भूतकालीन लेखनावर केव्हाही नव्याने सही करू शकतो. म्हणजे लेखकाची सत्ता क्षीण न होता ती कालमर्यादा ओलांडून मागे पसरते. ज्याला मृत म्हटले जाते, तो प्रत्यक्षात आपल्या हयातीच्या सर्व नोंदी हवे तेव्हा फिरवू शकणारा झाला आहे. अर्थात ही सत्ताही त्याला उसनी मिळालेली आहे, कारण तळाचा क्रमांक कंपनीजवळच राहतो. कोणत्या दिवशी कोणते नाव होते, हे जाणण्याचे साधन असलेच तर ते कंपनीच्या हाती. वाचकाच्या हाती काही नाही. टोपणनावात व्यक्ती झाकली जाई आणि सही स्थिर राही. येथे व्यक्ती यंत्रणेपुढे उघडी आहे आणि सही मात्र अस्थिर आहे.

झाक देरिदा ह्यांचा दाखलाही अनेकदा दिला जातो: सही ही पुनरावृत्तिक्षम असते, म्हणून ती सही करणाऱ्यापासून अलग होऊ शकते, हे त्यांनी १९७१ च्या व्याख्यानात दाखविले. खरे आहे. परंतु त्याच विवेचनात असेही आहे की, सही करणारा एका गेलेल्या ‘आता’मध्ये उपस्थित होता, ही खूण सही बाळगून असते. दर्शनी नावाला असा गेलेला ‘आता’ नाही. त्याला फक्त चालू ‘आता’ आहे, आणि तो साऱ्या जुन्या लेखनावर पसरलेला आहे. पुनरावृत्ती होण्यासाठी आधी काहीतरी एकदा घडून जावे लागते. येथे घडून गेलेलेच नाहीसे होते. देरिदांच्या आधाराने त्याचे समर्थन करणे म्हणजे वाक्याचा पूर्वार्ध वाचून पुस्तक मिटणे होय.

४

ह्याच्या विरुद्ध टोकाला एक दुसरा पक्ष उभा आहे. त्याचे म्हणणे असे की, मग हा सगळा घोळच नको. प्रत्येकाने कागदोपत्री असलेले खरे नाव लावावे. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, ह्याचा शोध घेण्यासाठी मराठी समाज किती उतावीळ झाला होता, हे वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. बाळूताई खरे ह्यांना त्या वेळी खऱ्या नावाची सक्ती झाली असती, तर अविवाहित शिक्षित स्त्रीच्या कोंडमाऱ्याविषयीचे ते लेखन त्या स्वरूपात लिहिले जाणे कठीण होते. पुढे त्या विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. पण ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरींचेच राहिले आणि १९५० साली ‘बळी’ आले तेही विभावरींचेच. एका स्त्रीची तीन नावे, तिन्ही खरी, आणि प्रत्येकाची जागा निश्चित.

खऱ्या नावाची सक्ती किती हास्यास्पद होऊ शकते, हे २०११ च्या नोव्हेंबरात जगाने पाहिले. सलमान रश्दी ह्यांचे पहिले नाव पारपत्रावर ‘अहमद’ असे आहे, म्हणून फेसबुकने त्यांचे खाते ‘अहमद रश्दी’ करून टाकले. ट्विटरवरून त्यांनी जाहीर तक्रार केल्यावर नाव परत मिळाले. ज्या नावाने त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली, ते नाव यंत्रणेला खोटे वाटले आणि जे वाचकांना ठाऊकच नव्हते ते खरे. लेखकाचे खरे नाव कोणते, हे पारपत्रावरून ठरत नाही. ते त्याच्या प्रकाशित लेखनावरून ठरते.

कायद्यालाही हे कळते. १९५७ च्या भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियमाच्या कलम २३ नुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा अधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि त्या अवधीत लेखकाची ओळख उघड झाली तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत मोजला जातो. कलम ५५ प्रकाशित प्रतींवर ज्याचे नाव लेखक म्हणून आहे वा होते त्याला, उलट सिद्ध होईपर्यंत, लेखक मानते. ह्यातील ‘होते’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. दर्शनी नावाच्या जगात ‘आहे’ एवढेच उरते.

५

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून हा वाद प्रामाणिकपणे पुरा होत नाही. लिंगभाव बदललेली व्यक्ती, मोडलेल्या विवाहातून बाहेर पडलेली स्त्री, जातिवाचक आडनाव टाकून देणारा तरुण, ह्यांना जुने नाव मागे लागणे म्हणजे जुनी जखम मागे लागणे होय. त्यांच्या दृष्टीने मागच्या लेखनावरूनही जुने नाव जावे, हीच ह्या सोयीची खरी देणगी आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. कोणाचे जुने नाव उघड करण्याचा हक्क संशोधकाला नाही.

पण जुने नाव उघड करणे आणि नाव बदलले आहे एवढे नोंदविणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘ह्या मजकुराच्या वेळी खात्याचे नाव निराळे होते, आजचे नाव अमुक तारखेपासूनचे’ एवढी एक ओळ पुरे आहे. तीत जुने नाव येण्याची गरज नाही. ते सांगणे न सांगणे लेखकाच्या इच्छेवर सोडावे. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. फेसबुकच्या सार्वजनिक पृष्ठांना नावबदलाचा इतिहास दाखविण्याची व्यवस्था २०१८ पासून आहे. व्यक्तिगत खात्यांसाठी त्याहून सौम्य अशी, केवळ तारीख दाखविणारी व्यवस्था करता येणार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

नावबदल आणि नोंद ह्यांचा विरोध नाही, हे समाजाच्या जुन्या व्यवहारांतूनही दिसते. शासकीय राजपत्रात नावबदलाची सूचना येते तेव्हा जुने आणि नवे अशी दोन्ही नावे छापली जातात. ग्रंथालयाच्या सूचीपत्रात ‘कुसुमाग्रज : पाहा शिरवाडकर, वि. वा.’ अशी चिठ्ठी असते. तिने ना कुसुमाग्रज पुसले जातात ना शिरवाडकर. देवगड तालुक्याच्या बाबतीतच बोलावयाचे तर, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. म्हणून जुन्या संदर्भग्रंथांत धालवली रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि नव्या ग्रंथांत सिंधुदुर्गात. दोन्ही ग्रंथ आपापल्या काळी बरोबर आहेत. त्याच तालुक्यातील विजयदुर्गाचा उल्लेख १७५६ च्या मोहिमेच्या इंग्रजी कागदांत ‘घेरिया’ असा येतो. विजयदुर्ग हे नाव त्या कागदांत घुसले नाही, म्हणूनच इतिहासकाराला दोन्ही नावे जुळविता आली.

देवगडच्या बागायतदारांनाही हा प्रश्न वेगळ्या रूपात भेडसावतो. पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिले की आतला आंबा कुठलाही असला तरी गिऱ्हाईक फसते, हे त्यांचे जुने गाऱ्हाणे आहे. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचा शिक्का पेटीऐवजी प्रत्येक फळावर लावण्याचा मार्ग काढला. पेटीवरचे नाव कोणीही बदलू शकतो. फळावरची खूण फळाबरोबर जाते. दर्शनी नाव हे पेटीवरचे नाव आहे. वाङ्मयीन सही फळावर असावी लागते. आंबा विकणाऱ्यांना जे कळले, ते साहित्य शिकविणाऱ्यांना कळू नये, ह्यात भूषणावह काही नाही.

६

ह्या प्रश्नाचा संबंध केवळ तंत्रज्ञानाशी आहे, असे म्हणून मराठी विभागांना हात झटकता येणार नाहीत. आज मराठी कवितेचा मोठा भाग प्रथम समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होतो. वाद तेथे होतात, परीक्षणे तेथे लिहिली जातात, उचलेगिरीचे आरोपही तेथेच होतात. प्रबंधांत त्यांचे उल्लेख येऊ लागले आहेत, आणि ते बहुधा ‘फेसबुकवरून साभार’ एवढ्यावर भागविले जातात. आणखी वीस वर्षांनी ह्या काळाचा वाङ्मयेतिहास लिहू पाहणाऱ्याला कोणती कविता कोणत्या नावाने आली होती, हे कसे कळणार? शं. ग. दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४३ साली प्रसिद्ध केली, ती मुखपृष्ठावर छापलेले नाव छापलेलेच राहते, ह्या भरवशावर. तो भरवसा ज्या माध्यमात नाही, त्या माध्यमाचे दाते होऊ पाहणाऱ्यापुढे सूची करण्याजोगे काही उरणारच नाही.

कंपन्यांनी काय करावे, हे त्यांना कोणी सांगितले म्हणून त्या ऐकतील, अशी भाबडी आशा येथे नाही. पण विद्यापीठांच्या हाती जे आहे, ते तरी त्यांनी करावे. समाजमाध्यमावरील मजकूर उद्धृत करताना दर्शनी नाव, खात्याचा पत्ता, मजकुराची तारीख आणि तो पाहिल्याची तारीख ह्या चारही गोष्टी देणे प्रबंधांसाठी सक्तीचे व्हावे. संपादकांनी असा मजकूर पुनर्मुद्रित करताना मूळ प्रसिद्धीच्या वेळचे नाव लेखकाला विचारून घ्यावे, त्याची संमती असेल तरच छापावे, नसेल तर नाव बदलले आहे एवढेच नमूद करावे. कवींनी स्वतः आपल्या कवितेच्या शेवटी, मजकुराचाच भाग म्हणून, नाव आणि तारीख लिहावी. अखेरच्या चरणात नाममुद्रा गुंफणाऱ्या संतकवींना हे कोणी शिकविले नव्हते. नाव कवितेबाहेर ठेवले तर ते हरवते, हे त्यांनी ओळखले होते.

टोपणनाव घेण्याचा, टाकण्याचा, पुन्हा घेण्याचा लेखकाचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे. ज्या भाषेत गोविंद करंदीकर विंदा होऊ शकले आणि बाळूताई खरे विभावरी, त्या भाषेला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु नाव घेणे हे एका दिवशी घडलेले कृत्य असते आणि त्याला त्या दिवसाची तारीख असते. ती तारीख पुसणाऱ्या सोयीला स्वातंत्र्य म्हणणारी समीक्षा लेखकाची बाजू घेत नाही आणि वाचकाचीही घेत नाही. ती नकळत त्या एकाच पक्षाची बाजू घेते, ज्याच्याजवळ खात्याचा न बदलणारा क्रमांक आहे.